ट्यूबलाइटखाली झेंडू: रोपाला किती उजेड मिळतो ते मोजायचं कसं?

मागच्या पोस्टमध्ये पानांच्या आत रंगद्रव्यं काय करतात ते लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की पुढच्या वेळी जरा घरगुती विषय घेऊ. हा विषय इतका घरगुती आहे की त्यात माझी स्वतःची फजिती आहे. पीएचडीच्या चौथ्या वर्षी, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने, स्वतःच्या काकांची झेंडूची रोपं ट्यूबलाइटखाली ठेवून घालवली. सगळं नीट सांगते.

आमचं गाव चिरनेर. पनवेल-उरणच्या मधलं, १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे माहीत असलेलं. काका पावसाळ्यात झेंडूची रोपं करतात, थोडी स्वतःसाठी, बाकी ओळखीच्या शेतकऱ्यांसाठी. गणपती, २५ सप्टेंबरचा हुतात्मा स्मृतिदिन, दसरा, दिवाळी, सगळ्याला झेंडू लागतो. पण पैसे होतात ते दसऱ्याला. फूल दसऱ्याच्या आधी चार दिवस तयार पाहिजे. दसऱ्यानंतर आठ दिवसांनी आलेल्या फुलाला कोणी विचारत नाही, मग दिवाळीपर्यंत थांबायचं.

आता जुलैमधलं आमच्याकडचं आभाळ डोळ्यांसमोर आणा. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. बाहेर ट्रे ठेवले तर पावसाचा मार, कोकोपीट वाहून जातं, रोपं कोलमडतात. पडवीत घेतले तर अंधार. २०२४ च्या जुलैमध्ये काकांनी मला फोन केला, "काय गो, तुझ्या लॅबमध्ये त्या मांडणीवर ट्यूब लावून रोपं वाढवता ना? तसंच आपल्या पडवीत केलं तर?"

मी म्हटलं, का नाही! लॅबमध्ये आमच्या टिश्यू कल्चरच्या खोलीत प्रत्येक फळीवर दोन ट्यूब, रोज १६ तास चालू. रोपं हिरवीगार. मी तेच सांगितलं. काकांनी घरातल्या जुन्या पट्ट्या काढून लोखंडी रॅकवर लावल्या, फळीपासून दीड फूट वर. वीस दिवसांत रोपं वीतभर लांब, दोऱ्यासारखी बारीक, फिकट. पाणी घातलं की आडवी. सगळे ट्रे गेले आणि त्या वर्षी काकांना रोपं विकत आणावी लागली. काका काही बोलले नाहीत. काकू बोलली.

तर मी चुकले कुठे?

पहिली गोष्ट, टिश्यू कल्चरच्या बाटलीतलं रोप उजेडावर पोट भरत नाही. त्याच्या माध्यमात आपण साखर घातलेली असते, साधारण लिटरला ३० ग्रॅम. प्रकाशसंश्लेषण त्याच्यासाठी जोडधंदा आहे. त्याला उजेड हवा तो मुख्यतः आकार नीट राहावा आणि हिरवेपणा यावा म्हणून. आपल्या महाराष्ट्रात या बाटलीतल्या रोपांचा मोठा इतिहास आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हस यांनी १९९० मध्ये दाखवलं की बांबू, जो एरवी फुलायला अनेक दशकं लावतो, तो बाटलीत काही महिन्यांत फुलवता येतो. माध्यमात नारळाचं पाणी आणि सायटोकायनिन होतं. 'नेचर'मध्ये छापून आलं ते. पण त्या बाटलीतल्या बांबूला जो उजेड पुरला, तो ट्रेमधल्या झेंडूला पुरणार नाही. झेंडूला कोणी साखर घालत नाही. त्याला स्वतःची भाकरी स्वतः थापायची आहे.

दुसरी गोष्ट, मी उजेड डोळ्यांनी मोजला. आणि डोळा या बाबतीत अगदी खोटारडा साक्षीदार आहे. पडवीत दोन ट्यूब लावल्या की आपल्याला लख्ख वाटतं, कारण बुबुळ मोठं होतं, मेंदू जमवून घेतो. रोपाला असलं काही जमवता येत नाही. त्याच्या पानावर सेकंदाला किती फोटॉन पडतात तेवढाच त्याचा हिशेब.

हा हिशेब मोजायचं एकक आहे मायक्रोमोल, प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. मोल म्हणजे अकरावीत शिकलो तोच, फक्त इथे रेणूंच्या ऐवजी फोटॉन मोजायचे, तेही ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले. उन्हाळ्यातल्या भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० च्या आसपास असतो. टिश्यू कल्चरच्या फळीवर ३० ते ६०. त्या नासलेल्या रॅकवर मी नंतर विभागातून क्वांटम मीटर उसना आणून मोजलं: २५.

पंचवीस! बाहेरच्या उन्हाच्या सव्वा टक्का. आणि आम्हाला ते लख्ख वाटत होतं.

आता पूर्ण दिवसाचा हिशेब करू. २५ गुणिले एका तासाचे ३६०० सेकंद गुणिले १६ तास, म्हणजे १४ लाख ४० हजार मायक्रोमोल, म्हणजे दिवसाला १.४४ मोल. याला डीएलआय म्हणतात, दिवसभराचा एकूण प्रकाश. पावसाचं माप जसं मिलिमीटरमध्ये दिवसभराचं घेतो, एका मिनिटाच्या सरीचं नाही, तसंच हे. चांगली ठेंगणी, जाड दांड्याची रोपं हवी असतील तर नर्सरीवाले १० मोलच्या आसपास उद्दिष्ट ठेवतात. आम्ही झेंडूला सातवा हिस्सा देत होतो आणि वर विचारत होतो की तू असा लुकडा का.

मीटर महाग असतो, सगळ्यांनी घ्यावा असं मी म्हणणार नाही. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप किंवा साधा लक्समीटर चालतो, फक्त त्याचा आकडा तसाच वापरायचा नाही. लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा पोपटी-हिरवा सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून लक्समध्ये त्याला भरपूर गुण आणि निळ्याला, गडद लालला अगदी कमी. सूर्यप्रकाश असेल तर लक्सला ५४ ने भागा, पांढऱ्या ट्यूबलाइटचा उजेड असेल तर ७४ ने. साधारण मायक्रोमोल मिळतात. मोबाइलचा सेन्सर थोडा इकडेतिकडे जाईल, पण २५ आहे की १२५ हे नक्की कळेल, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे.

हा भागाकार मला २०२४ च्या आधीही माहीत होता, बरं का. परीक्षेत लिहिलेलाही होता.

आता ट्यूबकडे येऊ. ट्यूबच्या आत पाऱ्याची वाफ असते. वीज गेली की ती २५४ नॅनोमीटरची अतिनील किरणं सोडते, जी आपल्याला दिसत नाहीत आणि रोपाच्या कामाची नाहीत. काचेच्या आतून जी पांढरी पूड फासलेली असते, ती या किरणांचं दिसणाऱ्या उजेडात रूपांतर करते. म्हणजे ट्यूबचा सगळा स्वभाव त्या पुडीत आहे. जुन्या स्वस्त ट्यूबमध्ये हॅलोफॉस्फेटची पूड असते. नंतरच्या चांगल्या ट्यूबमध्ये तीन वेगवेगळ्या फॉस्फरचं मिश्रण असतं, निळा, हिरवा आणि लाल. फरक ओळखायला दुकानदाराला विचारायची गरज नाही, ट्यूबच्या टोकाला छापलेलं असतं. ३६ वॅटच्या ट्यूबवर ५४ किंवा ७६५ असेल तर जुन्या पद्धतीची, साधारण २५०० ल्युमेन. ८४० किंवा ८६५ असेल तर तीन फॉस्फरवाली, सव्वातीन हजारांच्या आसपास. वीज तेवढीच, उजेड सुमारे तीस टक्के जास्त. शेवटचे दोन आकडे म्हणजे रंगाची छटा, ६५ म्हणजे ६५०० केल्विन, ज्याला आपण कूल डेलाइट म्हणतो. रोपांसाठी हीच बरी, कारण यात निळा भाग जास्त असतो आणि निळ्या उजेडात रोप आखूड राहतं.

टी-१२, टी-८, टी-५ ही नावंही लोकांना गोंधळात टाकतात. तो फक्त नळीचा व्यास आहे, इंचाच्या आठव्या भागात. टी-८ म्हणजे एक इंच. मात्र एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे: टी-८ सगळ्यात चांगली चालते भोवतालचं तापमान २५ अंश असताना, आणि टी-५ चालते ३५ ला. एसी लॅब आणि कोकणातली पडवी यांना एकच ट्यूब योग्य असेलच असं नाही.

शिवाय ट्यूब म्हातारी होते. टोकं काळी पडायच्या कितीतरी आधी पुडीचा जोर कमी झालेला असतो, विशेषतः हॅलोफॉस्फेटवाल्यांचा. काकांच्या पट्ट्या ओटीवर कित्येक वर्षं जळलेल्या होत्या.

आणि अंतर. माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती असं मला वाटतं. शाळेत आपण शिकतो की अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. तो नियम बल्बसारख्या ठिपक्याचा. चार फुटी ट्यूब ही रेघ आहे, तिच्या जवळ उजेड साधारण अंतराच्या प्रमाणात घटतो, म्हणजे दुप्पट अंतराला निम्मा. तरी दीड फुटावरून अर्ध्या फुटावर आणली तर केवढा फरक पडतो बघा. बल्ब एवढा जवळ आणला तर पानं करपतील, पण ट्यूब फारशी तापत नाही, वीतभर अंतरावर खुशाल ठेवता येते. ट्यूबचा सगळा फायदाच हा आहे, आणि आम्ही तोच सोडून दिला होता, का, तर पाणी घालायला हात सहज जावा म्हणून.

मधल्या काळात काकांना कोणीतरी जांभळा उजेड देणाऱ्या 'ग्रो लाइट'च्या पट्ट्या दाखवल्या. किंमत साध्या पट्टीच्या कितीतरी पट. सांगणाऱ्याचं म्हणणं असं की झाडाला फक्त लाल आणि निळा उजेड लागतो, हिरवा तो परत फेकतो, म्हणूनच तर पान हिरवं दिसतं. ऐकायला अगदी पटतं. हरितद्रव्य वेगळं काढून परीक्षानळीत त्याचं शोषण मोजलं तर असंच दिसतं देखील. पण अख्खं पान म्हणजे परीक्षानळी नव्हे. १९७२ मध्ये मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने २२ पिकांच्या पानांवर एकेका रंगाचा उजेड टाकून प्रत्यक्ष प्रकाशसंश्लेषण मोजलं. लाल सगळ्यात वरचढ निघाला हे खरं, पण हिरवाही चांगलाच कामाला येतो. हिरवा उजेड पानात आपटत आपटत खोल जातो आणि खालच्या थरांना पोसतो. म्हणून आधी फोटॉन किती ते विचारा, रंगाचा प्रश्न नंतरचा. जांभळ्या उजेडाची आणखी एक अडचण कोणी सांगत नाही: त्याच्याखाली पान पिवळं पडलंय की हिरवं आहे, डाग आलाय की नाही, काही म्हणजे काही दिसत नाही. नर्सरीत हे फार महागात पडतं.

घरात ट्यूब लावून रोपं वाढवण्याबद्दल शोधायला गेलात तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल. सगळ्यात बारकाईने लिहिलंय ते गांजा लावणाऱ्या लोकांनी, जिथे त्याला परवानगी आहे तिथल्या आणि नाही तिथल्याही. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते, त्यामुळे तो भाग तिथेच सोडू. पण त्या लोकांचा एक शब्द माझ्या कामी आला. ते सतत तासांबद्दल बोलतात. इतके तास उजेड म्हणजे वाढ, इतके तास म्हणजे फूल. ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला, कारण मी काकांना १६ तास सांगितले होते.

गांजा आणि ताग-अंबाडीसारखं धाग्यासाठी लावलं जाणारं हेम्प ही एकच जात, कॅनाबिस सटायव्हा. दिवसाच्या लांबीवर फुलणं अवलंबून असतं हे ज्या झाडांवर पहिल्यांदा लक्षात आलं त्यांत हे हेम्प होतं. पॅरिसमध्ये झुलियाँ तुर्न्वा नावाचा तरुण संशोधक होता. त्याने हेम्प आणि हॉप्सची रोपं रोज थोडेच तास उजेडात ठेवली, ती वेळेच्या कितीतरी आधी, अगदी लहान असतानाच फुलली. १९१४ पर्यंत तो या निष्कर्षाला आला होता की कारण दिवस लहान असणं, किंबहुना रात्र मोठी असणं हे आहे. त्याच वर्षी तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्डने तंबाखू आणि सोयाबीनवर हेच दाखवलं, या प्रकाराला नाव दिलं, आणि पाठ्यपुस्तकात त्यांची नावं राहिली. तुर्न्वा माझ्याच वयाच्या आसपासचा असताना गेला. त्याचा उल्लेख आमच्या एमएस्सीच्या अभ्यासक्रमात कुठेही नव्हता.

झेंडूचं काय? आपला मोठा झेंडू, टॅजेटिस इरेक्टा, हाही लहान दिवसाकडे झुकणारा आहे. हेम्पइतका हट्टी नाही, लांब दिवसातही शेवटी फुलतो, पण उशिरा. आणि रोप लहान असताना मिळालेल्या दिवसाची लांबीसुद्धा तो मोजतो. चिरनेरला सगळ्यात मोठा दिवस जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या जवळ आणि सगळ्यात लहान डिसेंबरमध्ये अकराच्या आसपास. फरक दोन-सव्वादोन तासांचाच, पण आपल्याकडच्या शेवंतीपासून जुन्या गरव्या भातापर्यंत सगळ्यांना तेवढा पुरतो. अशा ठिकाणी मी पडवीत १६ तासांचा दिवस बनवून ठेवला होता. असा दिवस आपल्या अक्षांशावर कुठल्याच ऋतूत नसतो. म्हणजे समजा २०२४ मध्ये उजेड भरपूर असता आणि रोपं धडधाकट झाली असती, तरी दसऱ्याची वेळ चुकण्याचा धोका मी स्वतःच तयार केला होता. रोपं मेली म्हणून ही दुसरी चूक उघडकीला आली नाही इतकंच.

यात आणखी एक गोष्ट आहे. रोप दिवस मोजत नाही, रात्र मोजतं, आणि मध्यरात्री थोडा वेळ उजेड लागला तरी मोठ्या रात्रीचे दोन तुकडे होतात. शेवंतीवाले हेच मुद्दाम करतात, फूल लांबवण्यासाठी पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावतात. पण तुमच्या रॅकवर कोणी रात्री दोन वाजता बाथरूमला जाताना पडवीचा दिवा लावून ठेवत असेल, तर तोही त्याच खात्यात जमा. काकूला हे सांगितल्यावर तिने माझ्याकडे जसं पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

२०२५ ला दसरा २ ऑक्टोबरला होता. उलटं मोजलं: लावणीनंतर साधारण दोन महिने, त्याआधी रोपं २५ दिवस. म्हणून ८ जुलैला बी टाकलं. रॅकच्या तीन फळ्या, प्रत्येकीवर चार ट्रे, ९८ खाचांचे, म्हणजे साडेअकराशेच्या वर रोपं. प्रत्येक फळीवर दोनऐवजी चार ट्यूब. रोपाच्या शेंड्यापासून वीतभर वर, साखळीला टांगलेल्या, म्हणजे रोप वाढेल तशी एकेक कडी वर घ्यायची. वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ७, टायमरवर. दिवस लांबवायचा नाही, आहे तोच दिवस उजळ करायचा. मीटरवर मधोमध १४०, कडेला ९०. सरासरी १२० धरली तर १२ तासांत ५.२ मोल, शिवाय पडवीत जो काही ढगाळ उजेड येतो तो वेगळा. कडेचे ट्रे दर दोन दिवसांनी मध्ये. १० मोल झाले नाहीत, कबूल. म्हणून शेवटचे सहा-सात दिवस उघडीप मिळेल तशी रोपं बाहेर पारदर्शक कागदाखाली काढली.

कुठल्या ट्यूब घेतल्या ते सांगायचं राहिलं. एका फळीवर काकांच्या जुन्याच पट्ट्या, नव्या ८६५ ट्यूब घालून, कारण चांगल्या पट्ट्या टाकून द्यायला ते तयार नव्हते. दोन फळ्यांवर साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब, २० वॅटच्या, ६५०० केल्विन, किराणा दुकानातही मिळतात त्या. एलईडीचे ल्युमेन कमी, दोन हजारच, पण सगळा उजेड खाली पडतो. गोल ट्यूबचा निम्मा वर छताकडे जातो, मागे पांढरा पत्रा नसेल तर तो फुकट. त्यामुळे फळीवर दोन्हींचं माप जवळपास सारखं आलं. विजेचं मात्र सारखं नाही. जुनी ३६ वॅटची ट्यूब आणि लोखंडी चोक मिळून ४६ वॅटच्या घरात जाते. सगळ्या बारा ट्यूब तशा असत्या तर २५ दिवसांचे १६५ युनिट, सगळ्या एलईडी असत्या तर ७२. घरगुती मीटरवर १०० च्या वरच्या युनिटचा दर दुपटीच्या आसपास चढतो, त्यामुळे हा फरक कागदावर दिसतो त्याहून बिलात जास्त बोचतो.

फ्लुरोसंट ट्यूब तशाही जाणार आहेत. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत त्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं. घरात फुटलेली ट्यूब असेल तर झाडूने उडवू नका, दारं-खिडक्या उघडून, ओल्या कागदाने टिपून, बंद डब्यात ठेवा. आणि पडवीत पाणी आणि वीज एकत्र येतात, तेव्हा अर्थिंग आणि ईएलसीबी नसेल तर हा उद्योग सुरूच करू नका. आमच्याकडे वायरमन बोलावून आधी ते करून घेतलं, ट्यूब नंतर.

रोपं या वेळी बोटभर उंच, दांडा जांभळट आणि ताठ. तिन्ही फळ्यांत मला तरी फरक ओळखू आला नाही. याला प्रयोग म्हणू नका, तुलनेसाठी वेगळी ठेवलेली रोपं नव्हती, माझ्या गाइडसमोर हे मांडलं तर मला बाहेर काढतील. पहिली फुलं २० सप्टेंबरच्या सुमाराला उमलायला लागली, तोडा २९ ला सुरू झाला. पावसाने काही फुलं काळी पडली, त्यावर ट्यूबचा इलाज नाही.

काका आता विचारतायत की हाच रॅक मिरचीला वापरला तर तास किती ठेवायचे. मिरची दिवसाच्या लांबीचं फारसं मनावर घेत नाही, म्हणून तिथे १६ तास चालतील आणि १२० मायक्रोमोलवरच दिवसाला ७ मोलच्या जवळ जाता येईल. फळीवर पांढरा पत्रा लावला तर किती वाढतं ते पुढच्या सुट्टीत मोजून इथेच लिहीन.